सात किलो युरेनियमची किंमत किती?

रसायनवाले सर

मे २०२१ मधली बातमी अनेकांना आठवत असेल. मुंबईत दहशतवादविरोधी पथकाने दोघांना पकडलं, त्यांच्याकडे ७ किलो १०० ग्रॅम युरेनियम सापडलं, आणि सगळ्या वाहिन्यांवर 'एकवीस कोटींचं युरेनियम' अशी पट्टी फिरत राहिली. भाभा अणुसंशोधन केंद्राने तपासून ते नैसर्गिक युरेनियम असल्याचं सांगितलं.

गेल्या आठवड्यात बारावीला किरणोत्सार शिकवत होतो. एका मुलाने तीच बातमी काढली आणि विचारलं, "सर, एवढ्यात बॉम्ब झाला असता ना?" वर्गातल्या निम्म्या मुलांना तसंच वाटत होतं. घरी आल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

त्या सुमारास आंतरराष्ट्रीय बाजारात युरेनियम ऑक्साइडचा भाव पौंडाला ३० डॉलरच्या आसपास होता. सात किलो धातूचं ऑक्साइड केलं तर साधारण साडेअठरा पौंड भरतं. म्हणजे साडेपाचशे डॉलर, आपले चाळीस हजार रुपये. एकवीस कोटी नाहीत, चाळीस हजार! परवान्याशिवाय ते बाळगणं तेव्हाच्या १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने गुन्हाच होता, त्यात शंका नाही. पण एका जुन्या मोटारसायकलच्या किमतीचा ऐवज आणि एकवीस कोटी यांच्यामधली सगळी जागा आपल्या अज्ञानाने भरलेली आहे. ती थोडी कमी व्हावी म्हणून हा धागा.

बॉम्ब का झाला नसता, ते आधी सांगतो. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये एकाच धातूचे थोड्या वेगळ्या वजनाचे अणू असतात: ९९.२७ टक्के यु-२३८ आणि जेमतेम ०.७२ टक्के यु-२३५. मंद न्यूट्रॉन लागला की फुटणारा आणि एकातून पुढचा फुटण्याची साखळी चालू ठेवणारा तो दुसरा. हजारात सात अणू. नैसर्गिक युरेनियमचा डोंगर रचला तरी ती साखळी आपोआप पेटत नाही. यु-२३५ चं प्रमाण वाढवायचं म्हणजे दोन जुळ्या भावांना केवळ वजनावरून वेगळं करायचं, आणि वजनातला फरक फक्त सव्वा टक्क्याचा! रसायनशास्त्र तिथे उपयोगाला येत नाही, कारण दोघांचं रासायनिक वागणं सारखंच. त्यासाठी युरेनियमचं हेक्साफ्लोराइड करतात, जे साधारण ५६ अंशांवर थेट वायू होतं, आणि तो वायू एकामागे एक लावलेल्या हजारो सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे प्रचंड वेगाने गरगरणाऱ्या नळकांड्यांमधून, फिरवतात. हे काम देशांना जड जातं, घरातल्या खोलीत होण्यासारखं नाही.

आता धातूची ओळख. अणुक्रमांक ९२. मार्टिन क्लापरोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७८९ मध्ये पिचब्लेंड नावाच्या काळ्या, जड खनिजात तो ओळखला. आठच वर्षांपूर्वी युरेनस ग्रह सापडला होता, त्याचं नाव दिलं. शुद्ध धातू मात्र पेलिगोने १८४१ मध्ये मिळवला. ताजा कापला तर चांदीसारखा चकाकतो, हवेत थोड्याच वेळात काळवंडतो. घनता १९, शिशाची ११.३. पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीत युरेनियम भरलं तर ती १९ किलोची होईल! ते जप्त झालेले सात किलो म्हणजे चहाचे तीन-चार कप भरतील एवढंच आकारमान. बारीक भुकटी केली तर आपोआप पेट घेते.

आणि एक गोष्ट मला दर वर्षी सांगाविशी वाटते. शोध लागल्यानंतर शंभरहून जास्त वर्षं हा धातू लोकांनी काचेला आणि चिनी मातीच्या भांड्यांना पिवळा-हिरवा-नारिंगी रंग देण्यासाठी वापरला. त्याच्या आत काय दडलंय हे १८९६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ बेकेरेलच्या काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचेवर उमटलं, तोवर कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

जाणकारांनी भर घालावी. चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं.

चांदणी_रात्र

सर, धागा आवडला. एक बाळबोध प्रश्न. यु-२३८ चं अर्धायुष्य, म्हणजे त्याचे निम्मे अणू किरणं सोडून बदलायला लागणारा काळ, साडेचारशे कोटी वर्षं आहे असं वाचलंय. म्हणजे तो एवढी वर्षं किरणं सोडत राहणार. मग तर तो सगळ्यात घातक नाही का? हातात धरला तर काय होईल?

रसायनवाले सर

ताई, प्रश्न बाळबोध नाही, वर्गात बहुतेक मुलं इथेच अडखळतात. अर्धायुष्य लांब म्हणजे क्षय संथ. माझ्या बारावीला मी तव्यावरच्या लाह्यांचं उदाहरण देतो. ज्या तव्यावर लाह्या तडतडतात तो तवा लवकर संपतो. तासाला एक लाही फुटणारा तवा वर्षभर पुरेल, पण त्याच्याजवळ उभं राहायला भीती नाही.

आकड्यांत सांगायचं तर एक ग्रॅम यु-२३८ मध्ये सेकंदाला साधारण १२,४०० अणूंचा क्षय होतो. एक ग्रॅम रेडियममध्ये ३,७०० कोटी! तीस लाख पटींचा फरक. मेरी आणि पिएर क्युरींनी १८९८ मध्ये पिचब्लेंडमधून रेडियम आणि पोलोनियम शोधलं, ते याच फरकाच्या मागावर जाऊन. खनिज त्यातल्या युरेनियमच्या मानाने जास्त तापट निघालं, म्हणजे आत आणखी कुणीतरी आहे हे त्यांनी हेरलं.

शिवाय यु-२३८ मधून निघतात ते अल्फा कण. ते कागदाने अडतात, त्वचेच्या वरच्या मृत थरानेही अडतात. बाहेरून धोका कमी. पोटात किंवा फुप्फुसात गेलं तर गोष्ट वेगळी. विरघळणाऱ्या रूपातलं युरेनियम शरीरात गेलं की पहिला मार बसतो मूत्रपिंडांना, आणि तो किरणांचा नव्हे, जड धातूच्या विषाचा. हे फारसं कुणी सांगत नाही.

दगडांच्या_देशा

मी भूविज्ञानवाला. 'सापडतं कुठे' हा भाग मी घेतो.

पहिली गोष्ट म्हणजे युरेनियम दुर्मीळ नाही. पृथ्वीच्या कवचात ते दहा लाखांत पावणेतीन भाग आहे, चांदीच्या कितीतरी पट. अडचण अशी की ते सगळीकडे थोडं थोडं पसरलेलं आहे. समुद्राच्या दर घनमीटर पाण्यातही ३ मिलिग्रॅम असतं. परवडेल एवढं एका जागी गोळा झालेलं मात्र क्वचित मिळतं.

ते गोळा कसं होतं, हा मला स्वतःला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. युरेनियमचे दोन स्वभाव आहेत. ऑक्सिजन भरपूर असेल तर ते सहा संयुजेचं होतं आणि पाण्यात सहज विरघळून वाहतं. ऑक्सिजन संपला की चार संयुजेचं होऊन जिथल्या तिथे बसतं. म्हणजे पावसाचं पाणी खडकातून झिरपताना युरेनियम उचलतं, आणि वाटेत कुजलेली पानं, सेंद्रिय चिखल किंवा गंधकाची खनिजं लागली की तिथे टाकून देतं. लाखो वर्षं हा व्यवहार चालला की साठा तयार होतो. कझाकस्तानातले वालुकाश्मातले साठे असेच झालेत, आणि आज जगातलं सुमारे ४० टक्के युरेनियम तो एकटा देश काढतो. तिथे बरेचदा खाणच खणत नाहीत. विहिरीतून आम्लाचं द्रावण आत सोडतात, शेजारच्या विहिरीतून युरेनियम विरघळलेलं पाणी उपसतात.

आपल्या महाराष्ट्रात का नाही, असं दर व्याख्यानात विचारतात. आपला बेसॉल्ट गरीब आहे हो. युरेनियमचा अणू मोठा, नेहमीच्या खनिजांच्या जाळीत त्याला जागा मिळत नाही. शिलारस थंड होताना तो शेवटपर्यंत द्रवात राहतो आणि अखेरीस ग्रॅनाइटमध्ये जाऊन बसतो. ग्रॅनाइटमध्ये दहा लाखांत चार-पाच भाग, दख्खनच्या काळ्या कातळात एकाहूनही कमी. पूर्व विदर्भात बेसॉल्ट संपून ग्रॅनाइट आणि नाइस हे जुने खडक सुरू होतात, तिथे कथा बदलते.

भारतातला मुख्य पट्टा झारखंडचा सिंहभूम. १९४९ मध्ये भूवैज्ञानिक दाराशॉ वाडियांच्या नेतृत्वाखाली दुर्मीळ खनिजांच्या सर्वेक्षणाचं पथक उभं राहिलं आणि दोन वर्षांत, १९५१ मध्ये, जादुगुडाचा साठा हाती आला. तिथली खाण सुमारे नऊशे मीटर खोल आहे. एक टन दगड वर आणला की युरेनियम मिळतं अर्धा किलोच्या आसपास. कॅनडात सिगार लेकच्या खाणीत हाच आकडा टनामागे शंभर किलोच्या वर जातो, इतका की माणसांना त्या दगडाजवळ जाऊ न देता यंत्रांनी, जमीन गोठवून काम करावं लागतं.

जादुगुडाचा दगड दळून गंधकाम्लात मुरवतात. उंच टाक्या असतात, खालून हवा सोडून सगळा रबडा ढवळत ठेवतात. मग आयन विनिमयाने युरेनियम वेगळं काढून खाली बसवतात. तो पिवळा साका म्हणजे यलोकेक. आंध्रातल्या तुम्मलपल्लेला ही रीत चालत नाही, कारण तिथला खडक चुनखडीच्या जातीचा, सगळं आम्ल तोच पिऊन टाकेल. तिथे सोड्याने, दाबाखाली, उलट्या वाटेने जातात. दोन्हीकडचा माल पुढे हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्सला जातो.

गोंदियाकर

पूर्व विदर्भाचा उल्लेख आला म्हणून विचारतो. आमच्याकडे शेतात बोअर आहे, दोनशे ऐंशी फूट, खाली ग्रॅनाइटच लागला होता. घरचे सगळे तेच पाणी पितात. आई म्हणते उकळून पिऊ. चालेल का भाऊ?

दगडांच्या_देशा

गोंदियाकर भाऊ, उकळून युरेनियम जात नाही. पाणी आटतं, युरेनियम तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण वाढतंच. आईंना एवढं नक्की सांगा. उकळणं जंतूंसाठी.

ग्रॅनाइट लागला म्हणजे पाण्यात युरेनियम असेलच असं नाही, घाबरून जाऊ नका. विरघळायला पाण्यात बायकार्बोनेट लागतं, आणि खतातून झिरपलेलं नायट्रेटही ते सुटं करायला मदत करतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. पंजाबातल्या माळव्यात कितीतरी ठिकाणी पाणी याच्या वर गेलंय. एकदा नमुना तपासून घ्या. फ्लोराइड आणि नायट्रेट सोबत तपासायला सांगा, तुमच्या भागात फ्लोराइडची शंका मला जास्त आहे. युरेनियम जास्त निघालंच तर आरओने ते बऱ्यापैकी निघतं.

घाटशिलेची_लेक

सगळं वाचलं. माहिती उत्तम आहे, पण माझ्या घशाखाली उतरायला वेळ लागतोय, म्हणून लिहिते.

बाबांची नोकरी जमशेदपूरला होती, माझं बालपण घाटशिलेत गेलं. जादुगुडा आमच्यापासून फार लांब नाही. 'टनामागे अर्धा किलो' असं लिहिलंत, ते वाक्य उलटं करून वाचा. एका टनातला नऊशे नव्व्याण्णव किलोहून जास्त दगड, दळलेला, तिथेच उरतो. युरेनियम काढून नेलं, पण त्याच्या पोटातून जन्मलेलं रेडियम त्या गाळातच राहतं, आणि रेडियममधून रेडॉन वायू निघत राहतो. तो गाळ टेलिंग पाँड नावाच्या तळ्यांमध्ये साठवतात. भोवती संथाळ आणि 'हो' या आदिवासी जमातींची गावं आहेत. आम्ही लहान असताना त्या बाजूला गुरं चरताना मी स्वतः पाहिली आहेत. डिसेंबर २००६ मध्ये तो गाळ वाहून नेणारी नळी फुटली आणि सगळं नाल्यात गेलं.

गावकरी वर्षानुवर्षं आजारांबद्दल, अपंग मुलांबद्दल बोलत आलेत. सरकारी पाहण्या म्हणतात, किरणोत्साराशी संबंध नाही. डॉक्टरांच्या एका संघटनेची पाहणी वेगळं म्हणते. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी त्यातल्याच एका गावच्या. त्यांना या वादातलं काही कळत नव्हतं, त्यांना फक्त कुंपण नीट हवं होतं. मेघालयातल्या खासी गावांनी खाणीला जमीन द्यायला नकार दिला तेव्हा पुष्कळ लोकांनी त्यांना अडाणी म्हटलं. मला नाही वाटत ते अडाणी होते.

दगडांच्या_देशा

ताई, तुमचं बरोबर आहे. मी दगडाच्या बाजूने लिहीत गेलो आणि गाळाचं लिहिलंच नाही. ही चूक आमच्या विषयात वारंवार होते. यु-२३८ क्षय पावत पावत शिसं होईपर्यंत चौदा पायऱ्या आहेत. आपण पहिल्या पायरीचा माल उचलतो आणि बाकीचा जिना तिथल्या लोकांच्या अंगणात ठेवून येतो. मूळ दगडातला बराचसा किरणोत्सार गाळातच राहतो, आणि तिथलं थोरियम-२३० ७५,००० वर्षांच्या अर्धायुष्याने त्याला रेडियम पुरवत राहतं. कुंपण, वर मातीचा जाड थर, पाण्याची नियमित तपासणी आणि तिचे आकडे गावाच्या भाषेत गावात लावणं, हे खाणीच्या खर्चातच धरलं पाहिजे.

जडपाणी

अणुवीज केंद्रात बावीस वर्षं काढली, आता निवृत्त. सरांच्या सात किलोंचं पुढचं गणित करतो.

आपल्याकडच्या बहुतेक अणुभट्ट्या दाबाखालच्या जड पाण्याच्या, म्हणजे जड हायड्रोजन असलेल्या पाण्याच्या, आहेत. त्यांना नैसर्गिक युरेनियमच चालतं, समृद्ध करावं, म्हणजे त्यातलं यु-२३५ वाढवावं, लागत नाही. कारण जड पाणी न्यूट्रॉनला मंद करतं पण गिळत नाही, साधं पाणी बरेच गिळतं. (हे जड पाणी आपल्या रायगड जिल्ह्यात थळलाही तयार होतं, खतकारखान्याच्या शेजारी.) इंधनाचं रूप म्हणजे युरेनियम डायऑक्साइडच्या काळ्या गोळ्या, झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरलेल्या. अशा १९ नळ्यांची जुडी म्हणजे एक बंडल, जवळपास अर्धा मीटर लांब, सोळा-साडेसोळा किलोचं. २२० मेगावॉटच्या भट्टीत ३०६ आडव्या वाहिन्या, प्रत्येकीत १२ बंडलं, एकूण ३,६७२. भट्टी चालू असतानाच एका टोकाने नवं बंडल ढकलतात, दुसऱ्या टोकाने जुनं बाहेर येतं. नवं बंडल आम्ही हातमोजे घालून हाताने उचलायचो. बाहेर आलेल्या बंडलाजवळ मात्र पाण्याच्या आणि काँक्रीटच्या आडोशाशिवाय जाणं शक्य नाही. युरेनियम तेच, पण विखंडनातून, म्हणजे अणू फुटून, झालेली नवी मूलद्रव्यं आत असतात.

नैसर्गिक युरेनियमच्या एका किलोतून साधारण ७ मेगावॉट-दिवस उष्णता मिळते. सात किलोंची वीज केली तर साडेतीन लाख युनिटच्या आसपास. महिना शंभर युनिट वापरणाऱ्या पावणेतीनशे-तीनशे घरांचं वर्ष निघेल. तेवढ्यासाठी कोळसा लागला असता दोनशे चाळीस टन, मालगाडीच्या चार वाघिणी. त्या ऐवजाची खरी किंमत ही, आणि ती केंद्रात आल्यावरच.

तारापूर हे यातलं शिकण्यासारखं उदाहरण. १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकी बनावटीच्या, साध्या पाण्याच्या, समृद्ध युरेनियमवर चालणाऱ्या. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने हात आखडता घेतला. मग इंधन फ्रान्सकडून, पुढे चीनकडून, रशियाकडून. दर वेळी कुणाच्या तरी दारात उभं राहायचं. त्याच आवारातल्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या ५४० मेगावॉटच्या, जड पाण्याच्या, स्वदेशी, नैसर्गिक युरेनियमवाल्या. भाभांनी जड पाण्याचा रस्ता का धरला ते एकाच कुंपणाच्या आत दिसतं. गोव्याच्या सीमेपलीकडे, कारवारजवळच्या कैगाची पहिली भट्टी २०१८ अखेर सलग ९६२ दिवस न थांबता चालली, तेव्हा तो जागतिक विक्रम होता. ते इंधन आपल्याच खाणींतलं होतं. त्या दिवशी आम्ही जुने सहकारी एकमेकांना फोन करत होतो.

घाटशिलेच्या ताईंना एवढंच सांगेन की कैगाच्या त्या विक्रमात जादुगुडाच्या माणसाचा वाटा आहे. सत्कारात त्याचं नाव कधी येत नाही, ही खंत मलाही आहे.

ब्रिस्टलचा_पाहुणा

एक वेगळा उपयोग. इथे जुन्या वस्तूंच्या दुकानांत कधीकधी पिवळसर-हिरव्या काचेच्या वाट्या, मिठाची भांडी मिळतात. अतिनील विजेरी मारली की गर्द पोपटी चमकतात. युरेनियमची काच! मी तीन घेतल्यात, कपाटात ठेवल्यात, त्यात खात-पीत नाही. ती चमक किरणोत्सारामुळे नसते, युरेनियमचा आयन अतिनील प्रकाश शोषून हिरवा प्रकाश सोडतो. विजेरी बंद केली की चमक बंद.

रसायनवाले सर

वा, एखादा फोटो असेल तर टाका, वर्गात दाखवीन.

उपयोगांतली आणखी एक बाजू. समृद्ध करून झाल्यावर जे उरतं ते 'क्षीण' युरेनियम, यु-२३५ आणखी कमी झालेलं. त्याची घनता तर तशीच राहते. म्हणून सुरुवातीच्या बोइंग ७४७ विमानांच्या शेपटीत समतोलासाठी ते वापरलं. कॅन्सर उपचारांच्या यंत्रांत किरणं अडवायला वापरतात. आणि रणगाडे भेदणाऱ्या तोफगोळ्यांतही, जे १९९१ च्या आखाती युद्धात इराकच्या वाळूत विखुरले गेले. तो उपयोग मुलांना सांगताना मला त्रास होतो, पण सांगतो.

माझ्या सर्वांत आवडीचा उपयोग मात्र घड्याळाचा. झिरकॉन नावाचा चिमुकला स्फटिक तयार होताना युरेनियमला आत घेतो, शिशाला दाराबाहेर ठेवतो. म्हणजे आज त्यात जे शिसं दिसेल ते बहुतेक आतच, क्षयातून झालेलं. यु-२३८ आणि यु-२३५ अशी दोन घड्याळं एकाच दाण्यात, एकमेकांची वेळ तपासणारी. आपल्या बेसॉल्टमध्ये झिरकॉन सहसा सापडत नाही. पण लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये जे लाल मातीचे पट्टे असतात, त्यांत ज्वालामुखीच्या राखेतून आलेले झिरकॉन मिळाले. २०१५ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांवरूनच दख्खनच्या उद्रेकांची वेळ ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आगेमागे, फार बारकाईने लावली गेली. गरीब कातळ म्हणालात ना, त्या कातळाची जन्मतारीख युरेनियमनेच सांगितली!

चांदणी_रात्र

सर, निसर्गात कुठे आपोआप अणुभट्टी पेटली होती असं ऐकलं होतं. खरं आहे का?

जडपाणी

अगदी खरं. आफ्रिकेत गॅबॉनमध्ये ओक्लो. १९७२ मध्ये फ्रान्समधल्या कारखान्यात तिथलं युरेनियम तपासताना यु-२३५ चं प्रमाण ०.७२० ऐवजी ०.७१७ टक्के आलं. एवढ्याशा फरकाने लोक हादरले, कारण हा आकडा जगभर सारखाच असतो. शोध घेतल्यावर कळलं की सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी तिथे भट्टी चालली होती. यु-२३५ लवकर क्षय पावतो, म्हणून त्या काळी त्याचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं, आज तारापूरच्या पहिल्या भट्ट्यांना जवळपास तेवढंच लागतं. भूजल न्यूट्रॉन मंद करायचं. तापलं की पाण्याची वाफ व्हायची, साखळी थांबायची. गार झालं, पाणी परत आलं की पुन्हा सुरू. अर्धा तास चालू, अडीच तास बंद, असं लाखो वर्षं.

गोंदियाकर

पाण्याचा रिपोर्ट आला. युरेनियम ११ मायक्रोग्रॅम, मर्यादेच्या आत. फ्लोराइड मात्र लिटरला २.१ मिलिग्रॅम निघालं. दगडांच्या_देशा भाऊ, तुमची शंका खरी ठरली. प्यायच्या पाण्यासाठी आरओ घेतोय, शेजारच्या दोन घरांचेही नमुने दिलेत. आईला उकळण्याचं सांगितलं, तिने लगेच ऐकलं.

दगडांच्या_देशा

बरं झालं तपासलंत. फ्लोराइडची मर्यादा दीड मिलिग्रॅम, त्यामुळे घरात लहान मुलं असतील तर आरओ येईपर्यंत त्यांच्यासाठी पाणी दुसरीकडून आणा. आणि पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा तपासा, पातळी बदलली की आकडे बदलतात.

सर, तुमच्या मुलांना लाल पट्टे दाखवायचे असतील तर महाबळेश्वरहून प्रतापगडाच्या बाजूने पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट घ्या. रस्त्याच्या कापात काळ्या थरांमध्ये विटकरी रंगाची पट्टी दिसली की गाडी थांबवायची. मी येईन सोबत, डिसेंबरमध्ये कधीही.